पुलावर दिलेली चौथी टेस्ट

आप्पा,

मी गाडी घेतली. लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. तुम्ही असता तर आधी वाकून टायर बघितले असते, मग माझ्याकडे बघितलं असतं, आणि चहा मागितला असता. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं असली गाडी घ्यायची म्हणजे लोकांना आयता विषय. तुमचे जावई म्हणाले, "अगं, गुडघे दुखतात म्हणून तू देवळात खुर्ची मागतेस, या गाडीतून बाहेर कशी येणार?" मी म्हटलं, आत बसल्यावर बाहेर यायचंय कुणाला! इथं अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या गल्लीत दारोदारी त्याच त्या करड्या, पोट सुटलेल्या गाड्या उभ्या असतात. त्यात माझी लाल. येता-जाता माणसं वळून बघतात. मला ते आवडतं, आप्पा, खोटं कशाला बोलू?

तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी ते आरटीओचं मैदान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ऑफिसच्या मागं मुरमाचं पटांगण, कडेला एक बाभूळ, तिच्या तुटपुंज्या सावलीत लायसन्ससाठी ताटकळलेली माणसं. तुम्ही तिथले इन्स्पेक्टर, आणि तुमची एक खोड साऱ्या तालुक्याला ठाऊक. टेस्ट सुरू व्हायच्या आधी शिपायाकडून वळणावर चार बादल्या पाणी ओतून घ्यायचात. कुणी कुरकुरलं की म्हणायचात, "कोरड्यावर कुणीही चालवतो." माझी टेस्ट तुम्ही दुसऱ्या साहेबांकडे जाऊ दिली नाहीत. ते तुमच्या तोंडाकडे बघून मला पास करतील, ही तुमची धास्ती. मी ड्रायव्हिंग स्कूलच्या खटारा गाडीत बसते. शेजारी तुम्ही, मांडीवर कागदांचा पॅड, चेहरा असा की जणू मला ओळखतच नाही. आठचा आकडा अर्धा होतो, वळण येतं, मागची चाकं पाण्यावर सरकतात आणि माझा पाय जीव खाऊन ब्रेकवर जातो. गाडी आडवी होते आणि मुरमाच्या ढिगात तोंड खुपसून बंद पडते. बाभळीखालचे लोक हसतात. तुम्ही खाली उतरता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "घसरली की ब्रेक नाही. पाय काढायचा. शेपूट जिकडं जाईल तिकडं स्टिअरिंग. आणि नजर जायचंय तिकडं, आदळणार आहे तिकडं नाही. भ्यालं की ज्याचा पाय ब्रेकवर जातो, त्याच्या हातात मी गाडी देणार नाही." नापास.

एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच वळण, तोच ढीग. तिसऱ्या खेपेला आई चुलीपुढून उठलीच. म्हणाली, "गावाला लायसन्स वाटता आणि पोटच्या पोरीला नापास करता? लाज वाटत नाही?" तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणालात, "परक्याची असती तर दुसऱ्या खेपेला पास केली असती." मी आतल्या खोलीत उशीत तोंड घालून हे ऐकलं आणि त्या दिवशी तुमचा मनापासून राग केला. चौथ्या टेस्टचा फॉर्म भरून ठेवला होता. तुम्हाला दाखवीनच, असा दातओठ खाऊन भरला होता. टेस्टच्या आदल्या आठवड्यात तुम्ही ऑफिसमधून घरी आलात, छातीत कळ आली म्हणालात, आणि सगळं संपलं. तो फॉर्म मी पुढं कुणाकडेच नेला नाही. दुसऱ्या कुणाकडून पास होण्यात मला काडीचा रस नव्हता.

लायसन्स मिळालं ते इथं, लग्न होऊन आल्यावर. टेस्ट घ्यायला शेजारी एक गोड बाई बसली होती. पंधरा मिनिटं कोरड्या ठणठणीत रस्त्यावर फिरवलं आणि म्हणाली, "गुड जॉब, हनी!" फोटो काढला, कार्ड हातात दिलं. तुमच्या जावयांनी पेढे वाटले. मी तोंडभर हसले, पण मनात म्हटलं, हिनं पाणी कुठं ओतलं?

आता या गाडीच्या बाबतीत झालेली चूक सांगते. चूक आपलीच, अगदी आपल्या माणसांची. दसऱ्याला गाडी आणली. नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर हळदीकुंकू. विकणारा बिचारा आधीच बजावत होता की हे उन्हाळी टायर आहेत, थंडीत दगडासारखे कडक होतात, हिवाळ्याआधी बदला. आम्ही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र कोरे करकरीत टायर काढून माळ्यावर टाकायचं जिवावर आलं. जावई म्हणाले, "पूजा झालेले टायर कुणी काढतं का?" ते चेष्टेनं म्हणाले आणि मी ते सोयीनं खरं मानलं. ज्या बाईचा बाप आधी टायर बघायचा, ती हे करते! तुम्ही असता तर फोडून काढलं असतंत.

परवा जानेवारीतली सकाळ. लेक सुट्टी संपवून कॉलेजला परत निघालेली, विमान गाठायचं. मोठी गाडी घेऊन जावई ऑफिसला गेलेले. लेक म्हणाली, "आई, लेट्स जस्ट टेक द रेड वन." मला तेवढंच हवं होतं. लख्ख ऊन, रस्ता काळाभोर आणि कोरडा दिसत होता. ओढ्यावरच्या छोट्या पुलाआधी पाटी आहे, पूल रस्त्याच्या आधी गोठतो. रोज वाचते. त्या दिवशीही वाचली आणि तशाच वेगात पुलावर गेले. पुढच्या क्षणी मागची चाकं उजवीकडे निघाली. आवाज नाही, धक्का नाही. गाडी नुसती माझी राहिली नाही. समोरून बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारा भलामोठा ट्रक येत होता, उजवीकडे कठडा, खाली ओढा, आणि शेजारी माझी एकुलती एक पोर "आई! आई!" करत होती. घसरण सावरणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरांचे दिवे लुकलुकत होते, पण दगड झालेल्या टायरांपुढं त्यांचं काय चालणार? मी ट्रककडे बघितलं नाही. कठड्याकडे बघितलं नाही. पुलापलीकडे रस्ता सरळ होतो ना, तिथं नजर लावली. पाय वर. स्टिअरिंग उजवीकडे. शेपूट डावीकडे फिरलं, मी डावीकडे. पुन्हा उजवीकडे. ट्रक माझ्या काचेला वारा घालून गेला. आणि मग चाकांनी रस्ता धरला, आप्पा. ते हातांना कळतं. पुलापलीकडे मी गाडी गवताच्या कडेला घेतली आणि थांबवली, सरळ, माझ्या बाजूला, एक ओरखडा नाही.

ट्रकवाला मागं थांबून धावत आला. दाढीवाला, धिप्पाड. "नाइस सेव्ह, मॅम!" म्हणाला आणि मला टाळी द्यायला त्यानं हात पुढं केला. लेक अजून दाराची मूठ घट्ट धरून बसलेली. म्हणाली, "आई, व्हेअर डिड यू लर्न दॅट?"

"तुझ्या आजोबांकडे. त्यांनी मला ड्रायव्हिंगमध्ये नापास केलं होतं."

"व्हॉट? हिज ओन डॉटर?"

"तीनदा."

ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मी मात्र रडले नाही. माझ्या अंगात तेव्हा जे भरलं होतं ना, ते आनंदाच्याही वरचं होतं. मला खिडकी उघडून ओरडावंसं वाटलं, आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मराठीत ओरडले. पुढचा रस्ता गोगलगाईच्या गतीनं कापला. विमान मिळालं. दुपारीच टायर बदलले. संध्याकाळी फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, देवळातल्या काकूंना, सगळ्यांना सांगून झालं, ब्रेकला पायसुद्धा लावला नाही! जावई चार ठिकाणी हीच गोष्ट सांगतात आणि दरवेळी पूल थोडा लांब होतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. लावला होता. पहिल्यांदा पाय ब्रेकवरच गेला होता, निम्मा श्वास, फार तर. मग उचलला. शेजारी बसलेल्या लेकीला कळलं नाही, पण तुम्ही बसला असता तर तुम्हाला कळलं असतं आणि तुम्ही चौथ्यांदा नापास लिहिलं असतंत. खुशाल लिहा, आप्पा. तुमची नात सुखरूप पोचली, आणि या खेपेला मी तुमचं ऐकणार नाही. मी पास झाले.