दोन पायऱ्यांवरचा उतार

५ जानेवारी, सोमवार
दारातला उतार पुन्हा सुटला. सकाळी झाडताना झाडू अडकला म्हणून वाकून बघितलं, तर उताराच्या खालच्या टोकाची हातभर लांब खपली उचलून आलेली. बोट घातलं, आख्खी हातात आली. खाली जुनी पायरी जशीच्या तशी, गुळगुळीत. जणू तिच्यावर कधी काही ओतलंच नव्हतं.

दगडाने ठोकत वरपर्यंत गेले. निम्म्याहून जास्त जागा पोकळ वाजते.

सर म्हणाले, "कडेचंच गेलंय. तेवढं चोपडून टाकू." (सगळे यांना सर म्हणतात. गणित शिकवत होते ना! चाळीस वर्षांत मलाही तीच सवय लागली.) लेक अठ्ठावीस तारखेला हॉस्पिटलातून सुटणार. अपघाताला पाच महिने झाले. आता चाकाच्या खुर्चीवर येईल, आणि आमच्या दाराला दोन पायऱ्या.

६ जानेवारी
मिस्त्री आला. बघून म्हणाला, "होऊन जाईल." गेला.

याचं नावच आम्ही होऊनजाईल ठेवलंय.

८ जानेवारी, गुरुवार
सरांनी बॉण्डचा डबा आणला. पांढरा, दाट, सुताराच्या डिंकासारखा. "जुन्यावर नवं बसवायला हेच लावतात. सगळ्याला चालतं, असं लिहिलंय."

लिहिलंय ते पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. 'आतल्या, कोरड्या कामासाठी. सतत ओल लागणाऱ्या जागी वापरू नये.' दाखवलं. म्हणाले, "तसं सगळ्यांवरच लिहितात. कंपनी आपली मान सोडवून घेते."

अठ्ठावीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधं दिली मी. मागची बारीक अक्षरं वाचण्याचाच पगार घेतला. पण माझं म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "अगं, तुझी औषधं वेगळी, हे सिमेंट आहे." बरं.

१० जानेवारी, शनिवार
होऊनजाईलने सकाळी नऊला बॉण्ड फासला आणि दुसऱ्या कामावर गेला. परत आला दोन वाजता. तोवर त्याची वाळून चकचकीत पापडी झालेली, बोट लावलं तर सर्रकन घसरत होतं. मी म्हटलं, "हे ओलं असताना वर सिमेंटचा माल टाकायचा असतो ना?" म्हणाला, "वाळला म्हणजे पक्का झाला, बाई." सरांनीही मान डोलावली. दोन पुरुष एकमेकांकडे बघून मान डोलवायला लागले की समजावं, माझं आता कोणी ऐकत नाही.

ओतलं. दिसायला सुरेख झालंय. तेच वाईट.

१४ जानेवारी, बुधवार
चार दिवस पाणी मारलं. आज कडेने दुधासारखं पांढरं पाणी झिरपायला लागलं. मी खुरपं घातलं. भाकरीएवढा तुकडा उलटला — खालच्या बाजूला पांढरा चिकट लगदा. बॉण्ड पाण्याने परत विरघळला होता.

मग सुरू झालं. सर म्हणाले मिस्त्रीचं चुकलं. मिस्त्री म्हणाला वाळू मातकट होती. वाळूवाल्याला फोन केला, तो म्हणाला सिमेंट जुनं असेल. सिमेंटला फोन करता येत नाही, नाहीतर तेही दुसऱ्याचं नाव सांगतं.

चौदा दिवस उरले. मला रडू यावं तर तेही येईना, नुसता संताप.

१५ जानेवारी
लेकीचा फोन. उताराचं सांगितलं तर म्हणाली, "आई, घाई करू नका गं." मी म्हटलं, "घाई नको तर काय, तुला दारात बसवून ठेवू?" तिने "बाबा कसे आहेत?" असं परक्यासारखं विचारून फोन ठेवला.

हल्ली कमीच बोलते. पाठीबरोबर तिचं बोलणंही मोडलं की काय, असं वाटतं कधीकधी.

१७ जानेवारी, शनिवार
सरांना न सांगता रिक्षा करून मोठ्या रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. गल्ल्यावर एक बाई, माझ्याच वयाच्या, नाकावर घसरलेला चष्मा. मी म्हटलं, "चांगला बॉण्ड द्या."

त्या म्हणाल्या, "चांगला असा नसतोच. कशावर काय बसवायचंय ते सांगा."

मला एकदम दवाखान्याची खिडकी आठवली. 'चांगली गोळी द्या' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगायची.

आत आहे की बाहेर? पाणी लागणार? वजन किती येणार? जुनं आहे ते कशाचं? एकेक विचारत गेल्या. पांढरा डबा म्हटल्यावर नुसत्या हसल्या. तो घरातल्या कोरड्या भिंतीच्या प्लास्टरला ठीक, उघड्यावर पाण्याने सुटणारच. बाहेरच्या उताराला लॅटेक्स घ्या. तेही दुधासारखंच दिसतं, पण एकदा धरलं की पाण्याला दाद देत नाही. त्यात सिमेंट कालवायचं, घट्ट सायीसारखं करून ब्रशने घासायचं, आणि चिकट आहे तोवरच वर माल टाकायचा. वाळला की बॉण्ड उरत नाही, उलट मधे पडदा होतो.

मी इपॉक्सीचं विचारलं, कारण सर आता तेच म्हणत होते — सगळ्यात महाग म्हणजे सगळ्यात पक्कं. बाई म्हणाल्या, "खांब-तुळईचं काम आहे का? नाही ना? मग माझ्याकडे असूनही मी ते तुम्हाला देत नाही."

आणि निघताना म्हणाल्या, "जुनी पायरी घासूनपुसून गुळगुळीत झाली असेल. तिच्यावर तेल सांडलंय का कधी?"

सरांची स्कूटर वीस वर्षं तिथेच उभी असते.

"मग डबा मागाहून उघडा. आधी छिन्नी घ्या. मळावर आणि तेलावर कुठलाच बॉण्ड धरत नाही."

१८ जानेवारी
सरांना सांगितलं. "दुकानदारच तो, माल खपवणारच." म्हटलं, महागाचा मागत होते तो नाही दिला. त्यावर पेपर उघडून बसले. होऊनजाईल म्हणतो गुरुवारशिवाय येत नाही, आणि टोचे मारायचं, छिन्नीने पायरी खडबडीत करायचं काम तो करत नाही, कमरेला लागतं.

१९ जानेवारी, सोमवार
मीच बसले. खाली पोतं अंथरलं, डोक्याला रुमाल बांधला, छिन्नी-हातोडी घेतली. आधीचा सगळा सैल माल उखडून टाकला, मग पायरीला टोचे मारायला लागले. एकसष्टाव्या वर्षी. दहा घावांत एक नीट बसायचा. दोन माझ्या अंगठ्यावर.

सर दारात उभे. तासभर नुसते उभे. मी मुद्दाम वर बघितलं नाही.

मग म्हणाले, "तिरकी धर. अशी सरळ धरलीस तर नुसतं भोक पडेल."

मी म्हटलं, "तुम्हाला येतं तर तुम्ही करा."

"आण इकडे."

माझ्या शेजारी खाली बसले. गुडघे धरलेत त्यांचे, बसायलाच दोन मिनिटं लागली. ठोकायला लागले. मी कपची गोळा करत होते. हातोडी न थांबवता म्हणाले, "तू नको म्हणाली होतीस."

मला वाटलं पांढऱ्या डब्याचं बोलतायत. म्हटलं, "जाऊ द्या आता."

"मोटरसायकलचं बोलतोय. तू नको म्हणाली होतीस. मी शिकवली तिला. मीच म्हटलं, मुलगी आहे म्हणून काय झालं."

पाच महिन्यांत हे पहिल्यांदा तोंडावाटे काढलं त्यांनी. पांढरा डबा, होऊनजाईल, महागाचं इपॉक्सी... सगळं तेच होतं. काहीतरी लवकर, स्वतःच्या हाताने उभं करायचं होतं माणसाला. आणि मी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवत होते.

मी म्हटलं, "तिला फार आवडायची हो ती गाडी." खोटं नाही. मग आत जाऊन चहा टाकला, कारण तिथे बसवेना.

२० जानेवारी
अंगठा सुजलाय. सरांच्या तळहाताला फोड. उरलेल्या पायरीला दोघांनी पाळीपाळीने टोचे मारले. तेलाचा डाग सोड्याने चार वेळा घासला, तरी पाणी टाकलं की थेंब तरंगतात. म्हणून तेवढा थरच फोडून काढला.

स्कूटर आता रस्त्यावर.

२२ जानेवारी, गुरुवार
ओतलं एकदाचं. सकाळपासून पायरी भिजवली, साचलेलं पाणी फडक्याने टिपलं. लॅटेक्स मी मोजून दिलं, सर सिमेंट कालवत होते. होऊनजाईलला सांगितलं, दोन फूट ब्रश, लगेच दोन फूट माल, मग पुढे. तो म्हणाला, "सगळं फासून घेऊ, बाई. होऊन जाईल."

"होणार नाही," सर म्हणाले. "चिकट आहे तोवरच टाकायचं. कळलं?" अगदी वर्गात म्हणायचे तसे.

मी घड्याळ घेऊन उभी. होऊनजाईल वैतागला, "तुम्ही काय डॉक्टर आहात का, बाई?"

"नाही. औषधं देणारी."

तो हसला. पण पुढे मुकाट्याने दोन-दोन फूट करत गेला. खालचं टोक आधी निमुळतं केलं होतं, म्हणूनच तिथून सुटायचं. या वेळी तिथे चर खोदून जाड ठेवलं. बारा फूट उतार, एक फूट चढ. पोत्यांनी झाकलाय.

२४ जानेवारी
पाणी मारते. दुधासारखं काही झिरपत नाही. सारखी जाऊन बघते.

२७ जानेवारी, मंगळवार
ठोकून बघितला. वरपासून खालपर्यंत भरीव आवाज. दोनदा ठोकला, विश्वास बसेना म्हणून.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून खुर्ची मागून आणली. सर म्हणाले, "बस, ढकलून बघतो." बसले. निम्म्यावर दमले आणि म्हणाले, "जड झालीस." मी म्हटलं, "मी जड नाही झाले, तुम्ही म्हातारे झालात." वरपर्यंत नेलंच. दारातून खुर्ची अलगद आत आली.

तिची खोली झाडून ठेवली. चादर नवी घातली.

२८ जानेवारी, बुधवार
सकाळी लेकीचा फोन. घरी येत नाहीये. तिकडेच, हॉस्पिटलच्या गावी, तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यात, हॉस्पिटलातल्याच एका मैत्रिणीबरोबर. सोमवारपासून कामावर. ठरवून पंधरा दिवस झाले. "तुम्ही दोघं एवढं करत होतात, कसं सांगू कळेना." मी "बरं" म्हणाले. सरांनी फोन घेतला, बराच वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "दाराला पायरी आहे का?" ती म्हणाली, "एक आहे, बाबा. याल?"

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. मला राग आलाय. पिशवी मीच भरतेय, पण राग आलाय.