पाठीवर ढाल नसती

९ नोव्हेंबर, रविवार
न्हाय, मी गेम बिघडवत न्हाय, सुधारतोय. चाळीस वर्सं तालमीत मर्दानी खेळ शिकवलाय, ढालीचं मला सांगू नगा. नात अनुजा आन तिचा दोस्त राजवीर दर रविवारी आमच्या सोप्यात चौकटीचा कागद आंथरून लढाई खेळत्यात. गोष्ट राजवीर सांगणार, बाहुल्या आपण हलवायच्या, निकाल फाशावर. मलाबी एक शिपाई दिलाय. अनुजा म्हणली, पुण्याला नोकरीवर जायच्या आत ही मोहीम संपवू, आज्जा तुमी पायजेच.
राजवीर म्हणतोय, ह्यात तोंड-पाठ काय नसतंय, बाण कुठनंबी येऊ दे, ढाल हिशोबात धरायचीच. मी म्हणलो, मानसाला चारी बाजूला डोळं हायत व्हय रं?

१० नोव्हेंबर, सकाळी ६
रूल लिवला. बाहुलीला तोंड पायजे, खडूनं खूण करायची. मागनं बाण आला की ढाल बाद. दोन वळीत संपलं. त्यांच्या गेमच्या पुस्तकाला तीनशे पानं लागली.

१६ नोव्हेंबर, रविवार
रूल मंजूर. राजवीर म्हणला, वस्तादापुढं आपण काय बोलणार.

तोच दिवस, ४ वाजता
खिंडीत माझा शिपाई घावला. त्येला सोडवाय अनुजाची बाहुली, चांदणी, वळली आन मागनं तिरंदाज आला. ढाल धरली असती तर बाण चुकत हुता. राजवीर म्हणला, आज्जा, आजच्या दिवस सोडूया का रूल? अनुजा माझ्याकडंच बघत हुती. मी म्हणलो, रूल म्हंजे रूल.
चांदणी मेली. तीन वर्सं खेळवलेली. अनुजा चहा न घेता आत गेली. डोळं लाल हुतं. सर्दी असंल.

१९ नोव्हेंबर, बुधवार
माफी मागायची न्हाय. रूलमधी बारकी सूट काढायची: वळताना अर्धी ढाल धरावी. राजवीरनं फोन उचलला न्हाय. कामात असंल.

२३ नोव्हेंबर, रविवार
सोपा झाडला, कागद आंथरला, चांदणी उभी केली. वैद्य घावला, बरी झाली असं सांगायचं ठरवलं. साडेतीनला सूनबाई म्हणली, मामंजी, पोरं राजवीरच्या घरात खेळाय बसल्यात की कवाच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
अनुजा पुण्याला गेली. पाया पडली, म्हणली, येतो आज्जा, गोळ्या टायमात घ्या. मी म्हणलो, ती खिंडीतली लढाई परत... म्हणली, असू दे आज्जा, खेळच त्यो. रिक्षात बसली. मागं बघितलं न्हाय.
रूल बरोबरच हुता. ह्याउप्पर मी काय लिवणार न्हाय.