अडचणीची डॉक्टर

आई, तुझ्या त्या डॉक्टरबाईंना मारून टाकलं. मालिकेत नव्हे. मालिकेत ती शेवटपर्यंत जिवंत होती, तू गेल्यानंतरचे भाग मी एकटीने पाहिले. मारलं ते त्या मालिकेवर जीव टाकणाऱ्यांनी, कर्वेनगरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चहा पीत.

तुला आठवत असेल, आपल्याकडे केबल नुकतंच आलं होतं आणि रविवारी दुपारी ती परदेशी मालिका हिंदीतून लागायची. बर्फाच्या प्रदेशातलं संशोधन केंद्र आणि तिथे अडकलेली दहा-बारा माणसं. दवाखान्यातून रात्रपाळी करून आलेली तू एरवी चारपर्यंत उठायची नाहीस, पण त्या वेळेला बरोबर उठून बसायचीस. ती डॉक्टर काळी होती, उंच होती आणि कुणाचं ऐकून घेत नव्हती. दवाखान्यात नर्स म्हणून तू शुद्ध बोलायचीस. घरी आपल्या लोणी गावची भाषा यायची. "बाकीचे निस्ते बोलत्यात. काम ही करती," असं तू दर रविवारी म्हणायचीस. केंद्राच्या प्रमुखाने तिच्याशी लग्न केलं त्या दिवशी तू उठून शिरा केलास, घरचं कार्य असल्यासारखा. मी तिचं चित्र काढलं आणि खडूंच्या पेटीत जो गुलाबीसर खडू 'अंगाचा रंग' म्हणून मिळायचा तो तिच्या तोंडाला फासला. तू चित्र हातात धरून बराच वेळ बघितलंस. "आजारी हाय का ही? रक्त कमी झालंय?" एवढंच म्हणालीस. मी कानापर्यंत तापले. दुसऱ्या दिवशी तू कामावरून येताना एक सुटा तपकिरी खडू आणलास आणि माझ्या वहीवर ठेवलास.

पुढे मला हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली. ते पाहायला तू नव्हतीस. तिथे कळलं की ही मालिका अजून डोक्यात घेऊन फिरणारी मी एकटीच नाही. इंटरनेटवर एक गट होता आणि त्यातल्या पुण्याच्या मुली शनिवारी संध्याकाळी जमायच्या. सगळ्या शिकलेल्या, कमावत्या. आम्ही जातपात मानत नाही, हे न विचारता सांगणाऱ्या. मी फार खूश होते. मग हळूहळू लक्षात आलं की या मंडळींना प्रमुखाची जोडी डॉक्टरशी नकोच आहे. ती हवी आहे वायरलेसवरच्या त्या फिकट, निळ्या डोळ्यांच्या पोराशी. तो मालिकाभर कोपऱ्यात रुसून बसायचा आणि प्रमुखाशी फार तर चार वाक्यं बोलला असेल. दोन पुरुषांनी प्रेम करावं याला माझी काडीची हरकत नव्हती. पण तो ओरडला की 'दुखावलेला', डॉक्टर ओरडली की 'उद्धट'. त्याने दोन माणसं मरू दिली तरी तो 'समजून घ्यायला हवा' असा. हिने रात्रभर जागून तिसरा वाचवला तर ही 'जरा जास्तच परफेक्ट'. आणि हे म्हणणाऱ्या कोण, तर ऑफिसात आपलं श्रेय पुरुष लाटतात म्हणून दर शनिवारी रडणाऱ्या बाया. डॉक्टरला त्यांनी नाव ठेवलं होतं 'अडचण'.

गटाने आपल्या गोष्टींचा दिवाळी अंक काढायचं ठरवलं. मी डॉक्टरवर गोष्ट लिहिली. तिच्या बोलण्यात तुझं बोलणं घातलं होतं, कुणाला कळणार नाही अशा बेताने. जिच्या घरी जमायचो तीच संपादक. तिने गोष्ट वाचून चष्मा काढला. "छान लिहितेस गं. पण वाचणार कोण? असं कर, डॉक्टरला पहिल्या पानावर मार. मग प्रमुख दुःखात, पोरगा त्याला सावरतो. गोष्ट कशी मोकळी होईल." पाठोपाठ मुखपृष्ठ दाखवलं. पुढे ते दोघे, मागे कोपऱ्यात डॉक्टर, आणि तिचा रंग ताकासारखा. मी विचारलं, ही अशी का? तर म्हणे छपाईत काळं नीट येत नाही. त्याच चित्रातलं आकाश काळंभोर आलं होतं.

मी म्हटलं, हिला मारायचं तर तुम्ही मारा, माझ्या गोष्टीत ती मरणार नाही. मग माझ्याच कंपनीतली, रोज माझ्यासोबत डबा खाणारी मैत्रीण अगदी हळू, समजुतीने म्हणाली, "तू प्लीज हे जातीवर नेऊ नकोस."

आई, जातीचा एक शब्द मी उच्चारला नव्हता. त्या दिवशीही नाही, त्याआधीच्या दोन वर्षांतही नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, सगळ्यांना, पहिल्यापासून. डबा खातानाही ठाऊक होतं. मी पानं उचलली, "चहा चांगला होता," असं म्हणून खाली उतरले आणि स्कूटर सुरू केली. अंक निघाला. त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत डॉक्टर बर्फाच्या कड्याखाली सापडून गेली, अर्ध्या वाक्यात. उरलेल्या अर्ध्यात पोराचे डोळे किती निळे आहेत ते होतं. गटाच्या मेल मला यायच्या बंद झाल्या, त्याची मात्र कुणी चर्चा केली नाही. माझी गोष्ट मी वेबवर स्वतःच टाकली. फारशी कुणी वाचली नाही. आहे अजून तिथे.

परवा तुझी नात फोनवर कसलीशी नवी मालिका दाखवत होती. त्यात एक सावळी कॅप्टन आहे आणि एक गोरा खुनी. सगळे कोणावर फिदा आहेत, हे मी तिला विचारलं नाही. तिनेच सांगितलं, वैतागून. मला बरं वाटलं, ती वैतागली म्हणून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते इथेच राहील. म्हणून एक सांगते, बाहेर कुणाला सांगणार नाही. त्या बायांना मी अजून मनातून शिव्या घालते आणि त्या त्यांना शोभतातही. पण शनिवारची संध्याकाळ आली की मला त्यांचीच आठवण येते.