सलोनीच्या तोंडाची बातमी

३ मार्च
पोरगी सकाळी उठली ती तोंड वाकडं घेऊनच. ओठ डावीकडे गेलेत, उजवा डोळा मिटत नाही. डॉक्टर म्हणतो, नस सुजली आहे, महिना-दीड महिन्यात बरं होईल. मे महिन्यात सलोनीचा पिक्चर सुरू होतोय. पहिल्यांदाच हिरोइन. प्रोड्युसरला कळलं तर रोल गेला. तिने बजावलं, कुणालाही बोलू नका बाबा. माझ्याकडून फुटेल? शक्यच नाही.

४ मार्च
मीरा रोडच्या या शांती नगरात सगळ्यांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा रोग. किळस येते. शेजारची चंद्रावती दार वाजवत होती. मी आतून सांगितलं, आम्ही घरी नाही. तर म्हणते, "काका, मग बोलतंय कोण?" घाईने कडी लावताना डावा अंगठा चेमटला. नख काळं.

६ मार्च
नुसत्या गोळ्यांवर भरवसा नाही. गावी दगडू गुरवाला फोन केला, देवीपुढे गाऱ्हाणं घाल. तो विचारतो, कुठली बाजू? तोंड डावीकडे, डॉक्टर म्हणतो आजार उजवीकडे. भलत्या बाजूचं गाऱ्हाणं लागलं तर चांगली बाजूही जायची. सलोनी झोपली होती, फोटो काढला. दगडूकडे साधा फोन, म्हणून गावच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला, कुणीतरी त्याला दाखवेल. खाली लिहिलं, कुणाला सांगू नये. घरचीच माणसं. सलोनीला फक्त देवीच्या गाऱ्हाण्याचं सांगितलं. काम चोख.

९ मार्च
फोटो फुटला. मोबाइल-मोबाइलवर फिरतोय. प्रोड्युसरच्या माणसाचा फोन आला, आधी बऱ्या व्हा, रोल दुसरीला दिलाय. सलोनी उघड्या डोळ्यावर रुमाल धरून बसली होती. जेवली नाही. गद्दाराला मी शोधणारच.

१० मार्च
सलोनीला तोंडाचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या जितेशवर संशय. तोंडावर नालायक म्हटलं. आता तो येणार नाही म्हणे. चोराच्या मनात चांदणं नाही तर काय. चंद्रावतीलाही जिन्यात सुनावलं. ती रडली. नाटकं.

१२ मार्च
सलोनीने तो फिरणारा फोटो माझ्यासमोर धरला. उशी, वाकडं तोंड, अर्धा उघडा डोळा. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलाय. नख काळं.
ती एवढंच म्हणाली, "बाबा, देवीला फोटो लागतो का?"
मीरा रोडला काळ्या नखाचे म्हातारे पुष्कळ असतील. असं म्हणणार होतो.
डावा हात खिशात घालून लिहितोय.