मोसंबीचं पाणी कोण बदलत होतं?

प्रिय अक्का,

रागावून लिहितेय, आधीच सांगते. तुला माती देऊन आठ दिवस झाले, भेटायला येणारे येऊन गेले, रडून रडून माझे डोळे सुजले. पण कालपासून रडू थांबलंय आणि नुसता संताप येतोय. तो काढू कुणावर? तू तर सुटलीस.

काल सकाळी शेजारच्या मालनबाई दूध घेऊन आल्या. मी सहज म्हटलं, मोसंबीचं, तुझ्या लाडक्या माशाचं, पाणी गढूळ झालंय. त्यांनी काही न विचारता मोरीतला निळा मग उचलला, अंगणातल्या बादलीवरचं फडकं काढलं, माशाच्या भांड्यातलं थोडं पाणी काढून जास्वंदीला घातलं आणि तेवढंच बादलीतलं भरलं. ती बादली आदल्या दिवशी भरून कुणी ठेवली होती? मी तर नाही.

त्या भांड्याला तू मला, सख्ख्या बहिणीला, हात लावू देत नव्हतीस. तू शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा मीच ते आणलं होतं, घरात बोलायला कुणीतरी असावं म्हणून. पहिला गोल्डफिश माझ्या हातून मेला, कबूल. सगळं पाणी ओतून देऊन भसाभस नळाचं भरलं होतं मी. केवढी झापली होतीस! नळाच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असते, ते दिवसभर बादलीत नुसतं फडकं टाकून ठेवायचं, म्हणजे ती उडून जाते. आणि सगळं एकदम कधीच बदलायचं नाही. थोडं थोडं बदलायचं, जिवाला सवय होऊ द्यायची.

मी मालनबाईंना विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी बादलीवर फडकं परत टाकलं. मग म्हणाल्या, "बाईंनीच. दिवाळीपासनं मीच करतीय. हातच उचलत न्हवता त्यांचा. डागदरानं गाठ सांगितली, तवा म्हनल्या, धाकटीला कळू द्यायचं न्हाई, ती लई घाबरती. शपथ घातल्ती मला."

दिवाळीपासून, अक्का? दर रविवारी चर्चमधून आले की मी फोन करायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, पाणी बदललंस का? "आत्ताच बदललं बघ, सगळा पदर भिजलाय." मी हसायचे. कसला पदर भिजला होता? तू पलंगावर पडून बोलत होतीस आणि भांड्यापाशी मालनबाई उभ्या होत्या.

नाताळाला येते म्हटलं, तर म्हणालीस, घराला रंग चाललाय, पसारा आहे. कुठे आहे तो रंग? पोपडे होते तिथेच आहेत. नगरहून राहात्याला यायला दोन तासांची एसटी. मी रोज आले असते.

मी घाबरट आहे, खरंय. म्हणून तुझ्या उशाशी बसायची माझी जागा शेजारणीला द्यायची? त्या बिचारीनं तुझं सगळं केलं, तिच्यावर राग नाही. राग तुझ्यावर आहे. मला तू फसवलंस. माशाचा एवढा विचार केलास आणि माझं सगळं पाणी मात्र एका सकाळी, तू गेल्याच्या एका फोनमध्ये ओतून दिलंस.

आता एक गोष्ट कबूल करते. गेल्या महिन्यात मला साखर निघाली, आणि ती डोळ्यांवरही गेलीय. पुण्याला लेकीला कळवलं नव्हतं, उगाच घाबरेल म्हणून. अगदी तुझेच शब्द. आज दुपारी तिला फोन लावला आणि साखरेचं तेवढं सांगितलं. डोळ्यांचं पुढच्या रविवारी सांगेन.

उद्या मोसंबीला घेऊन मी नगरला निघतेय. निळा मगही नेतेय. पाणी मीच बदलेन, थोडं थोडं. आणि ज्या दिवशी माझा हात उचलेनासा होईल, त्या दिवशी पहिला फोन लेकीला करेन, शेजारणीला नाही. हे वचन. राग जाईल तेव्हा जाईल.

तुझी घाबरट धाकटी,
शालू