त्या दोघींचं पटत न्हाय

अव्वा, मी तुझी मूठ उघडत होते. एकेक बोट मागे लोटत, तुला दुखेल इतपत. बोटं सुजलेली होती, पण त्यांत जोर उरला नव्हता. करंगळी आधी सुटली, मग बाकीची. तळहातावर तांबडी गोळी होती. कणकेच्या ओल्या हातात धरून ठेवल्यामुळे तिचा रंग तुझ्या रेषांत उतरला होता.

"टाकून देत होतीस," मी म्हटलं.

"टाकत न्हाय गं. रातच्याला घेणार हाय."

"डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलीय."

"रोजच घेते की. सकाळी पूजा झाली की पांढरी, रातच्याला तांबडी. एका टायमाला न्हाय घेत. त्या दोघींचं पटत न्हाय."

"कुणाचं? गोळ्यांचं?"

"दोघी जावा हायत त्या. एका चुलीवर ठिवल्या की एक दुसरीला जेवू देत न्हाय."

मी हसले. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि तू, माझी आई, अंगठा उठवत होतीस. मी पाणी आणलं, गोळी तुझ्या जिभेवर ठेवली आणि तू गिळेपर्यंत समोर उभी राहिले. मग तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहिलं. त्या दिवसापासून तुझ्या गोळ्यांचं सगळं मी माझ्याकडे घेतलं.

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत आपली खाणावळ होती. दोन खोल्या, पुढच्या खोलीत जेवणारे, मागच्या खोलीत तू आणि चूल. गिरणीतले कारकून आणि कॉलेजची मुलं जेवायला येत. बहात्तरच्या दुष्काळानंतर रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळत होती, तिची भाकरी थापताना कडेला चिरायची. तुझी चिरत नव्हती. त्यासाठी लोक लांबून येत. माझ्या लहानपणी तुझा हात आणि तुझी जीभ दोन्ही सारख्याच वेगानं चालायचे. नववीत असताना माझ्याकडून सहा भाकऱ्या करपल्या. तू मला पुढच्या खोलीत पंगतीला बसवलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आज ह्या पाहुण्या हायत. ह्यांनी केलेलं ह्यांनाच वाढते." सहाही भाकऱ्या मी खाल्ल्या. चौथीला रडू आलं तेव्हा तू तांब्या पुढे सरकवलास. "पाणी पी आन् पाचवी घे." कारकून हसत होते. त्याच चुलीवर तू मला पदवीपर्यंत नेलंस, हेही खरं आहे. पण मला आठवतात त्या भाकऱ्या.

मग तू मंद होत गेलीस. कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकं सावकाश. मे महिन्यात, गल्लीतली कुत्री सावली सोडायला तयार नसताना, तू अंगावर चादर घेऊन चुलीशी बसायचीस. "मावशी, महाबळेश्वरला निघालात काय?" एक जण विचारायचा, आणि तू, जिनं अशा माणसाचं ताट अर्ध्यातून उचलून नेलं असतं, नुसती बघत राहायचीस. आवाज जाड झाला. भुवयांची टोकं झडली. कणिक मळता मळता मान खाली जायची. आमटीत मीठ दोनदा पडायचं. येळ अमावस्येच्या सणाला केलेल्या भज्जीत, त्या मिसळीच्या भाजीत, ते पडलंच नाही. मी तुला आळशी म्हणायचे. आधी मनात, नंतर तोंडावर. तू उलटून बोलत नव्हतीस, म्हणून मी पुन्हा म्हणायचे.

डॉक्टरांनी गळ्याला बोटं लावली आणि लगेच ओळखलं. गळ्यातली थायरॉइडची गाठ काम करत नाही, म्हणाले, आणि रक्तही फार कमी आहे. पांढरी गोळी जन्मभर घ्यायची, रक्तासाठी तांबडी, हाडांसाठी खडूसारखी एक. वर दूध, पालेभाजी, शेंगदाणे. सगळं रोज, न चुकता. केव्हा घ्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आपण विचारलं नाही. तू तुझ्या रीतीनं घ्यायला लागलीस. लिंगपूजा झाल्याशिवाय तुझ्या तोंडात पाण्याचा थेंब जात नव्हता. पूजा, मग पांढरी गोळी, वर नुसतं पाणी, आणि पुढे सगळा स्वयंपाक उरकून मगच जेवण. तांबडीनं सकाळी मळमळायचं म्हणून ती रात्रीवर ढकललीस. पहिल्या महिन्यात तुझा आवाज थोडा मोकळा झाला होता. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मला दिसली ती मूठ.

माझी पद्धत साफ होती. सकाळी जेवणासोबत तिन्ही गोळ्या, वर पेलाभर दूध. एकाच वेळी, माझ्या डोळ्यांसमोर. भिंतीवर कागद लावला, गोळी घेतली की त्यावर रेघ मारायची. शेजारणी म्हणाल्या, पोरगी आईचं किती करते. तू दोनदा सांगून पाहिलंस. "अगं, पोटात भांडतात त्या." मी म्हटलं, "पोटात फक्त आम्ल असतं." तू म्हणालीस, "साकु, साकु, तुझं ते शिकल्यालं," आणि पेला तोंडाला लावलास. महिनाभरात चादर पुन्हा अंगावर आली. मी तुला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या.

"गोळ्या नीट घेतात ना?"

"माझ्यासमोर घेते."

"मग रक्त का वाढत नाही?"

"तिला विचारा. लपवायची सवय आहे."

तू खुर्चीत बसली होतीस. हळूच म्हणालीस, "डाक्टरसाहेब, दोघी येगळ्या घेतल्या तर..." ते लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. मीच म्हटलं, "तुम्ही लिहा." त्यांनी तांबडी एकाची दोन केली. वाटेत मी तुला सांगितलं की असंच चाललं तर खाणावळ मी बंद करीन. जागेच्या कागदावर सही माझी होती. तुला वाचता येत नव्हतं म्हणून आपणच तसं केलं होतं. तू रस्त्यात थांबलीस. तुझा श्वास लागला होता. "चूल तेवढी काढून घिऊ नको गं," म्हणालीस. "दुसरं काय बी कर." तुझ्या तोंडून कशासाठी तरी विनवणी मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ती पुन्हा ऐकावी असं मला वाटलं.

दिवाळीला खाणावळ बंद झाली. आता मी पुढचं आधी सांगते आहे, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. तुझ्या हातून भाकरी फिरेना, जेवणारे पांगले. शेवटच्या चौघांना मीच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. चूल मी फोडली नाही, तिच्यावर फळी टाकून वह्या ठेवल्या. तोवर मला शाळेत कायमची नोकरी लागली होती, त्या वह्या तिथल्याच. तू त्याच खोलीत खाटेवर चार वर्षं काढलीस. गोळ्या रोज घेतल्यास, सगळ्या एकदम. भिंतीवरच्या रेघांत एकही दिवस रिकामा नाही. शेवटच्या हिवाळ्यात तुझे पाय इतके गार असायचे की मी हात लावणं सोडून दिलं. तू गेल्यावर लोक भेटायला आले तेव्हा म्हणाले, औषधपाण्यात पोरीनं काही कमी केलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्याही गळ्यातली गाठ काम करत नाही असं निघालं. डॉक्टरीण माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहे. माझंही रक्त कमी, कॅल्शियम कमी. तिनं गोळ्या लिहून दिल्या आणि पेन खाली ठेवून बजावलं, "बाई, ही पांढरी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-दूध नंतर. आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी हिच्याजवळ आणायची नाही. मध्ये चार तास हवेत. एकत्र घेतल्या की ही अंगी लागतच नाही." मी तिला तुझ्याबद्दल विचारलं. सांगितलं नाही, विचारलं, जसं कुणी शेजारणीबद्दल विचारावं. ती म्हणाली, त्या काळी हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं हो, तुम्हाला कुठून असणार. मी घरी आले आणि नवऱ्याला आणि मुलीला तेच सांगितलं. मुलीनं माझा हात हातात घेतला. ती गोष्ट त्यांना पुरली. सोपी आहे आणि तिच्यात कुणी वाईट नाही.

आता मधलं सांगते, जे गाळलं. त्या दिवाळीच्या आधी, संक्रांतीनंतर बार्शीच्या एका शाळेत रजेच्या जागेवर मला दीड महिना काम मिळालं. भिंतीवरचा कागद तुला समजावून मी गेले. परतले ती भर दुपारी, एस.टी.तून उतरून चालत. गल्लीच्या तोंडाशीच तुझा आवाज ऐकू आला. जाड नव्हता. तू कुणालातरी ताटात अन्न टाकल्याबद्दल झापत होतीस. आत आले तर अंगावर चादर नाही, पदर खोचलेला, भाकरी थापल्याचा आवाज सलग येत होता. पुढच्या खोलीत दहाबारा जण जेवत होते. त्यांत एक जण असा होता की ज्याच्यासमोर कुणी मला हसू नये असं मला वाटायचं. तू दारात आलीस, मला आपादमस्तक पाहिलंस.

"आल्या बघा मास्तरीणबाई. दीड म्हैना बार्शीत ऱ्हायली, एक नवरा तरी घिऊन यायचास की. का तिथंबी भाकरी करपली?"

सगळे हसले. तोही हसला.

जेवणारे गेल्यावर तू मला मागे नेलंस. लहान मुलीसारखी खुशीत होतीस. भिंतीवरच्या फळीच्या एका टोकाला पांढऱ्या गोळ्यांची बाटली ठेवली होती, दुसऱ्या टोकाला तांबडीची आणि खडूसारखीची. "तुझ्या माघारी दोघींना वायलं काढलं," म्हणालीस. "आता बघ कशा नांदतात." कागदावर तू रेघा मारल्या होत्या, सकाळच्या वर, रात्रीच्या खाली. मी तुझे घोटे पाहिले. सूज उतरली होती. भुवईच्या टोकाला बारीक लव आली होती. लोह कशाकशाला धरतं आणि धरलेलं कसं सोडत नाही, हे मी परीक्षेत उदाहरणांसह लिहिलं होतं. त्या दुपारी फळीसमोर उभी असताना ते मला आठवलं. पूर्ण नाही, पण पुरेसं. तुझं बरोबर असावं, असं मला वाटलं. नाही, असावं नाही. तुझं बरोबर आहे, असं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की तू बरी राहिलीस तर अशीच राहशील.

हे मी कुणाला सांगणार नाही. घरातल्यांसाठी डॉक्टरणीची गोष्ट आहे, ती राहू दे. हे पानही मुलीच्या हाती लागेल असं ठेवणार नाही. तुला मात्र एवढं मान्य करते की मला माहीत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी पूजा उरकायची मी वाट पाहिली, तुला जेवायला वाढलं, फळीवरच्या सगळ्या बाटल्या एका डब्यात घातल्या आणि तांबड्या दोन धरून चारही गोळ्या दुधासोबत तुझ्यापुढे धरल्या. घेतल्या नाहीस तर आजपासून चूल बंद, असं म्हटलं. तू एकदा चुलीकडे पाहिलंस, आणि घेतल्यास.