तिच्या वडिलांचं ओरडणं

अप्पा,

मला एका मुलीचा हेवा वाटतो. हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण तिच्याकडे जे आहे ते मला फक्त तुम्हीच देऊ शकला असतात, आणि तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. ती साधारण माझ्याच वयाची आहे, जर्मन आहे, आणि नायट्रोवर पळणारी मोटरसायकल चालवते. ती गाडी तिचे वडील बांधतात आणि चारचौघांत तिच्यावर ओरडतात. मला हेवा गाडीचा वाटतो आहे असं पहिल्या दिवशी वाटलं होतं. तो ओरडण्याचा आहे हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

मी हायडेलबर्गला राहते. काम इंजिनांचंच आहे. इंजिनाच्या ब्लॉकला एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, आतली ठोकाठोक ऐकणारा. तो नीट ऐकतो की नाही हे मी तपासते. जाड काचेच्या पलीकडे इंजिन चालू असतं, अलीकडे मी आणि माझा कॉम्प्युटर. हात स्वच्छ राहतात. तुम्हाला हे सगळं पसंत पडलं असतं. ऑगस्टात वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत असलेलं पुण्याचं एक जोडपं मला होकेनहाईमला शर्यती पाहायला घेऊन गेलं. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी तिकिटं दिली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या बायको नवऱ्याला म्हणाली, "अहो, कापूस आणलात का?" तो म्हणाला, "कापूस कशाला, इथे इअरप्लग मिळतात." "मग घ्या ना जाऊन. नुसती माहिती काय देताय." त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आमचं सगळं मराठी समजून घेऊन उत्तरं जर्मनमध्ये देत होता. पहिली नायट्रोची गाडी सुरू झाली तेव्हा मोठ्या माणसांनी कानांवर हात दाबले आणि तो म्हणाला, "नोखमाल." म्हणजे परत एकदा.

कसं असतं ते तुम्हाला सांगते, तुम्ही असं काही पाहिलेलं नाही. सरळ, सपाट रस्ता, पाव मैलाचा. दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. बस, एवढंच. पण टाकीत पेट्रोल नाही, नायट्रोमिथेन आहे. हे इंधन स्वतःचा ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं, त्यामुळे पेट्रोलच्या कितीतरी पट जास्त ते सिलिंडरमध्ये ओतता येतं. इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू असलं तरी एकसारखं चालत नाही, तडतडतं, अडखळतं, जणू आता बंद पडणार. डोळे चुरचुरतात, घशात आंबट चव येते. आणि मग गाडी सुटते. मी आवाज मोजण्याचा पगार घेते, अप्पा, पण हा आवाज मला ऐकूच आला नाही. तो बरगड्यांत आला, दातांत आला, पायाखालच्या फळीतून वर आला. एक्झॉस्टमधून ज्वाळा आणि हँडलवर आडवी पडलेली माणसाची एक आकृती एवढं दिसलं, आणि रस्ता रिकामा झाला. सहा-सात सेकंदांचं काम. मी श्वास घ्यायला विसरले होते, आणि पुन्हा घेतला तेव्हा पहिला विचार आला की हे पुन्हा कधी. त्या मुलाने तो आधीच बोलून दाखवला होता.

सुटण्याआधी एक गोष्ट होते, तीच माझ्या लक्षात राहिली. मागचं चाक तापवण्यासाठी गाडी जागच्या जागी चाक फिरवून धूर काढते, त्या नादात आरंभरेषेच्या पुढे जाते. तिला मागे येता येत नाही, रिव्हर्स नसतो. मग एक माणूस धावत जातो, मागून गाडी धरतो आणि ओढत आणून चाक बरोबर त्याच्याच रबराच्या काळ्या पट्ट्यावर ठेवतो. चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. तो पूर्णपणे त्या माणसाच्या हाती असतो. त्या मुलीची गाडी तिचे वडील ओढत होते. साठीचे असतील, गुडघ्यातून किंचित वाकलेले. त्यांनी गाडी मागे आणली, खाली बसून चाक पाहिलं, वीतभर डावीकडे सरकवलं, तळहाताने टायरवरची खडी झाडली, मग पुढे येऊन तिच्या हेल्मेटसमोर हात उघडला. तिने मान हलवली. ते बाजूला झाले. ती गेल्यावर सगळे वेळ दाखवणाऱ्या फलकाकडे पाहत होते, तिचे वडील मान खाली घालून ऐकत होते.

तुम्ही असेच ऐकायचात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. सांगलीच्या आपल्या गॅरेजात दुपारी पत्रा तापलेला असतो, तुम्ही डोळे मिटून उभे आहात, मग दादाला हाक मारता. "ये. ऐक. काय म्हणतंय?" दादा कान लावतो, म्हणतो, "ठीक आहे की." "ठीक आहे म्हणे. गाढवा, टॅपेट बोंबलतंय ते तुला ठीक वाटतं होय?" मी शाळेतून येऊन तिथेच बसलेली असते. स्टुलावर. मी आले की तुम्ही ते स्टूल आधी फडक्याने पुसायचात, वर कालचा पेपर घालायचात आणि म्हणायचात, "बस इथं. कशाला हात लावू नको, तेलकट आहे." एकदा मी म्हटलं होतं, "अप्पा, मी ऐकू?" तुम्ही हसलात. "तू मशीन बनवायची. दुरुस्त करायला आम्ही आहोत." आजूबाजूचे सगळे कौतुकाने हसले. हा प्रसंग मी इथे नोकरीच्या मुलाखतीत सांगितलाय, आणि त्यांनाही तो फार आवडला. मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर आणून दिलात, सगळ्यात महागडा. त्याच आठवड्यात दादाला तुम्ही तुमचा स्वतःचा, इंजिनातल्या फटी मोजायचा फिलर गेज दिलात, पात्यांवरचे आकडे झिजलेला. ड्राफ्टर मी नीट वापरला. फिलर गेजकडे मी बरेच दिवस पाहत होते.

होकेनहाईमला प्रेक्षकांना गाड्यांच्या तंबूपर्यंत जाऊ देतात, दोरीच्या अलीकडे उभं राहून सगळं पाहता येतं. प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडतात. जोडपं मुलाला घेऊन वूर्स्ट, म्हणजे सॉसेज, खायला गेलं आणि मी त्या बापलेकीच्या तंबूपाशी थांबले. ती चामड्याचा सूट कमरेपर्यंत उतरवून, हातात पाना घेऊन बोल्ट सोडवत होती आणि ते तिच्यावर ओरडत होते. तिने शेवटी थ्रॉटल लवकर सोडला होता. "झोपली होतीस का तिथे वर?" "गाडी भिंतीकडे चालली होती, पापा." "भिंत कुठे, तू कुठे. मी काय आंधळा आहे?" "हो, आणि बहिरासुद्धा." "तो पाना नीट धर आधी, मग बोल." ओरडणं चालू, हात चालू. दोघांपैकी कुणीही वर पाहत नव्हतं. मी दोरीच्या आणखी जवळ सरकले.

काढलेले चार स्पार्क प्लग कापडावर ओळीने ठेवले होते. मी ते पाहत होते हे त्यांनी पाहिलं. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं, प्रेक्षकांना गंमत म्हणून विचारतात तसं. मी म्हटलं, "तिसऱ्याचं टोक बाकीच्यांपेक्षा जास्त खाल्लं गेलंय. त्या सिलिंडरला इंधन कमी पडतंय." ते म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर. पण ते मला माहीत आहे. तुला कसं माहीत?" तुम्ही फेकून दिलेले प्लग डालड्याच्या जुन्या डब्यात पडलेले असायचे, अप्पा. तुम्ही जेवायला गेलात की मी ते एकेक काढून पाहायची आणि दादाला तुम्ही काय सांगितलंत ते आठवायची. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, चहासारखा म्हणजे ठीक. हे सगळं मी त्यांना सांगू शकले असते. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी शिकवलं." त्यांनी दोरी वर उचलली आणि मी आत गेले.

ती संध्याकाळ मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. एवढंच की मी क्लचच्या तबकड्या पुसल्या, बोल्ट क्रमाने लावून ठेवले, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. पुण्याच्या जोडप्यातली बायको दोरीपलीकडून म्हणाली, "अगं, ते निघणार नाहीत आता सोमवारपर्यंत." मी म्हटलं, "नाही निघाले तर बरं." मी काय करते हे मुलीने विचारलं, मी सेन्सरचं सांगितलं, आणि तिने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पुढच्या वसंतात आम्ही गाडीवर इंजिनाचे आकडे नोंदवणारी मोजणीची पेटी बसवणार आहोत. ती वाचणारं कुणी नाही. पैसे नाहीत, जेवण आहे. उद्या सामान आवरताना सांग." मला लगेच हो म्हणायचं होतं. म्हणून मी म्हटलं, विचार करते.

रविवारी उपांत्य फेरी. इंजिन बसवून झालं होतं, गाडी निघायच्या तयारीत, आणि मी मागच्या टायरपाशी उभी होते. तुमच्या गॅरेजात एकच काम मला करायला मिळायचं. गाडी गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी तिचे टायर रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, म्हणजे ते काळेभोर दिसतात. गिऱ्हाईक आधी टायर बघतं, असं तुम्ही म्हणायचात. माझ्या खिशात आदल्या दिवशीचं क्लच पुसलेलं तेलकट फडकं होतं. मी ते काढलं आणि टायर पुसला. हात आपोआप फिरला, छान एका दिशेने. ज्या रबरावर धूळसुद्धा नको म्हणून ते तळहाताने खडी झाडतात, त्याला मी तेल लावलं. त्यावरून ती सुटली असती तर गाडी आडवी गेली असती. त्यांनी पाहिलं. ते थांबले. मी वाट पाहत राहिले. अप्पा, मी खरंच वाट पाहत होते, खांदे आवळून, शिव्या येणार म्हणून. त्यांनी माझ्या हातातून फडकं अलगद घेतलं, सॉल्व्हंट आणलं, अख्खा टायर दोनदा स्वच्छ केला आणि म्हणाले, "होतं असं. काही बिघडलं नाही." मग मला बसायला एक खुर्ची दिली. दोन मिनिटांनी, तिचे हातमोजे सीटवर राहिले म्हणून ते मुलीवर असे ओरडले की शेजारच्या तंबूतले लोक वळून पाहू लागले.

ती हरली. अर्ध्यातच एक सिलिंडर गेला. तिचे वडील चालत रस्त्याच्या शेवटापर्यंत गेले आणि येताना दोघं भांडत आले. सामान आवरताना त्यांनी विचारलं, "मग, काय ठरलं?" मी म्हटलं, "येते. पण परत चुकले तर माझ्यावर ओरडा. काल-आज हिच्यावर ओरडलात तसं." ते हसले, मनापासून, वाईट हेतू काही नव्हता. "तुझ्यावर कशाला ओरडू? तू काय माझी मुलगी आहेस?"

सोमवारी मी दादाला फोन केला. त्याने गॅरेज केव्हाच भाड्याने दिलंय, तो आता पतपेढीत आहे, हे तुम्हाला आवडणार नाही. मी विचारलं, "अप्पांनी मला कधी शिवी दिली का रे?" तो म्हणाला, "तुला? कधीच नाही. माझा मात्र एक दिवस शिवीवाचून गेला नाही." "नशीबवान आहेस." "मी? डोकं फिरलंय का तुझं? मला राबवलं, तुला शिकवलं, आणि मी नशीबवान?" मग तो म्हणाला, "रविवारी तुझा हॉस्टेलवरून फोन यायचा ना, त्याआधी अप्पा दोन वेळा साबणाने हात धुवायचे. मी एकदा म्हटलं, फोनवर तिला काय दिसणार आहे? तर त्यावरूनही मलाच शिव्या." तो हसत होता. मी हसले नाही. रिसीव्हर तेलकट करून का होईना, त्याच्याशी बोलायचात तसं एकदा माझ्याशी बोलला असतात तर, असं मला वाटलं, आणि ते मी दादाला सांगितलं नाही. त्याचा हेवा मला वाटतो आणि माझा त्याला, एवढं आता ठरलंय. तुम्ही आम्हाला सारखं वाटून दिलंत असं कुणी म्हटलं तर ते चूक नाही.

पाकीट मी आणलेलं नाही, पत्ता कुठला घालणार. एप्रिलमध्ये मी चाचणीला जाणार आहे. पेटीच्या तारा मी स्वतः बसवणार, प्रत्येक तार क्लिपने पक्की करायची. एक क्लिप सैल राहिली तर काही बिघडत नाही, आकडे फक्त वेडेवाकडे येतात, आणि ज्याने बसवली त्याला कुणीतरी झापतं. मी तसं करणार नाही. पण कुठली क्लिप सैल ठेवायची, ते मी ठरवून ठेवलं होतं.